देवाच्या गाड्यांना उटी

ताट माझ्या हातात होतं, त्यातलं निरांजन पेटलेलं होतं आणि समोर हळदीनं माखलेले माझे वडील पाटावर उभे होते. सगळं गाव माझ्या हाताकडं बघत होतं. हात हलत नव्हता.

"ओवाळ ना व पोरी," यात्रा कमिटीचे अध्यक्ष तोताराम अण्णा म्हणाले. "ऊन उतरून राह्यलं. गाड्या कधी ओढायच्या मंग?"

"आधी आबा पाणी पितील," मी म्हणाले. "मंग ओवाळीन."

लोक आधी हसले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीचे नखरे आमच्याकडं सगळं गाव पुरवतं, तसलाच हा एखादा नखरा असेल असं त्यांना वाटलं. मग त्यांचं लक्ष माझ्या शेजारच्या लीलाकडं गेलं. तिचंही ताट जागच्या जागी होतं. तिच्या पलीकडच्या तिघींचीही तीच गत. हळूहळू हसू बंद झालं आणि डफडं वाजवणाराही गोंधळून थांबला.

"कोकिळे," आबा दातांतल्या दातांत म्हणाले, "तमाशा करू नको."

"तमाशा नाही आबा. तांब्याभर पाणी."

ज्यांनी बारागाड्या पाहिल्या नाहीत त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून सांगते. आमच्या धामणवेलात आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बारा बैलगाड्या एकामागं एक बांधतात. बैल एकाही गाडीला नसतो. गाड्यांत माणसं इतकी चढतात की लाकूड दिसत नाही, आणि त्या सगळ्या गाड्या एकटा भगत कमरेला दोर बांधून वेशीपासून मरीमायच्या देवळापर्यंत ओढत नेतो. दोन बाजूंनी त्याला सावरायला दोघं धावतात, त्यांना बगले म्हणतात. भगताचा मान आमच्या घरात चालत आलेला. माझे वडील सुपडू भगत, त्यांच्या आधी त्यांचे वडील.

एक माणूस बारा गाड्या ओढतो कसा, असं लोक विचारतात. देवीची शक्ती. आहेच, मी नाही म्हणत नाही. पण वेशीपासून देवळापर्यंत रस्त्याला उतार आहे, हेही खरं. तो उतार गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी त्याचं नाव काढत नाही. पहिला हिसका जिवावरचा असतो. त्यापुढं गाड्या आपल्या पायांनी येतात. मग भगताला ओढायचं नसतं, त्यांच्या पुढं पळायचं असतं. तो पडला तर गाड्या थांबत नाहीत. त्यांना थांबवणारं काही नसतंच.

आणि हे सगळं निर्जळी उपासावर. आदल्या संध्याकाळपासून भगताच्या घशाखाली पाण्याचा थेंब जायचा नाही. आमच्याकडचा वैशाख म्हणजे अंगणात राहिलेल्या पितळी तांब्याला हात लावला तर फोड यावा. शहाणी माणसं दुपारी खिशात कांदा ठेवून आणि डोक्याला पंचा बांधून बाहेर पडतात, घरोघरी कैरीचं पन्हं आणि ताक चाललेलं असतं. भगतानं मात्र उघड्या अंगानं, कोरड्या घशानं गाड्यांपुढं पळायचं.

त्या वर्षी आबांनी साठी ओलांडली होती. थंडीत विहिरीवर त्यांच्या छातीत कळ आली आणि ते मोटेच्या धावेवरच बसले. तालुक्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, ओझं उचलायचं नाही, जिना चढतानासुद्धा मध्ये थांबत जा. आमच्या घराला जिना नाही. त्यामुळं डॉक्टरचं म्हणणं आपल्याला लागू नाही, असं आबांनी ठरवून टाकलं.

मी आखाजीला माहेरी आले तेव्हा मायनं हे सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी आबांना म्हणाले, यंदा दुसऱ्या कोणाला ओढू द्या. ते म्हणाले, "तू पाव्हणी हाय. पाव्हण्यासारखी राह्य." आमच्या घरात आबांचं बोलणं एवढंच असायचं, पुढं चर्चा नसायची.

लीला माझी बालमैत्रीण. गावची लेक, गावातच दिलेली. तिचा नवरा गोविंदा आबांचा बगला होता. आदल्या वर्षी उतारावरच्या निंबाच्या झाडाजवळ त्याचा पाय घसरला आणि पहिल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. कमिटीची जीप होती, पण पुढं खेळण्यांची दुकानं, गुऱ्हाळ, जिलेबीवाले आणि तोबा गर्दी. जीप बाहेर निघेपर्यंत फार वेळ गेला. गोविंदाचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आणि गावानं निकाल काय दिला? त्या दिवशी सकाळी गोविंदानं म्हणे बगल्याचा उपास मोडून कपभर चहा घेतला होता. म्हणून पाय गेला. चाक पायावरून गेलं म्हणून पाय गेला, असं म्हणणारा धामणवेलात एकही माईचा लाल निघाला नाही. उलट लीलालाच बाया विचारायच्या, तू त्यांना चहा दिलाच कसा?

आमच्या अंगणात बायांच्या कुरडया चालल्या होत्या. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रोज एकीच्या घरी सगळ्या जमतात, गव्हाचा चीक शिजतो, सोऱ्या फिरतो आणि त्याच्याबरोबर गावभराच्या गोष्टीही. मी बोलता बोलता घाटातली हकिकत सांगितली. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. त्यांची गाडी चढावर उभी राहिली की कंडक्टर आधी खाली उडी मारून चाकाखाली उटी सारणार, म्हणजे लाकडाची जाड पाचर, आणि मग बाकी सगळं. ब्रेकवर भरवसा ठेवणारा ड्रायव्हर म्हातारा होत नाही, असं हे म्हणतात.

लीलाचा सोऱ्या थांबला. पायाचं झाल्यापासून ती फारशी बोलायची नाही.

"मंग देवाच्या गाड्याईले काहून नाही?" ती म्हणाली.

चीक निवत चालला होता, तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

उट्या गोविंदानं केल्या. पाय गेला होता, हात शाबूत होते. दारात बसून त्यानं बाभळीच्या ओंडक्याच्या जाड पाचरी तासल्या आणि प्रत्येकीला भोक पाडून दोरी ओवली, म्हणजे बाजूनं चालत चालत चाकापुढं टाकता याव्यात आणि हात चाकाखाली जाऊ नये. मागच्या गाड्या अडल्या की त्यांना बांधलेल्या पुढच्याही अडतात, हेही त्यानंच समजावून सांगितलं. ज्याच्या अंगावरून चाक गेलेलं असतं त्याला चाक कळतं.

आम्ही रीतसर तोताराम अण्णांकडं गेलो. म्हटलं, उट्या घेऊन आम्ही गाड्यांबरोबर चालतो, शाळेकडचा रस्ता दुकानं हटवून मोकळा ठेवा, जीप तिथं उभी करा आणि भगताला पाणी पिऊ द्या. अण्णांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि म्हणाले, "देवाच्या गाड्याईले उटी लावणं म्हंजे देवावर भरवसा नाही असं झालं. बाया तुम्ही, झोके खेळा, आमरस खा, चार दिवस मजा करा."

घरी येऊन मी पीठ मळणाऱ्या मायपुढं चिडचिड केली. माय ऐकत होती. परात फिरवली, पाण्याचा हबका मारला आणि मान वर न करता म्हणाली, "गावच्या पाच लेकीईनं ओवाळल्याबिगर भगत दोराले हात लावू शकत नाही. अशी रीत हाय."

आणि पुन्हा पीठ मळायला लागली. मी तिच्याकडं बघतच राहिले.

तर अशी ती पाच ताटं वेशीत अडून होती.

अण्णांचा चेहरा आता लाल झाला होता. "दुसऱ्या पाच पोरी आणा रे!" ते ओरडले. "गावात लेकीईचा दुष्काळ पडला का?"

दुष्काळ कसला. वडाला झोके बांधलेले होते आणि माहेरवाशिणी रंगीबेरंगी पातळं नेसून तिथं उभ्या होत्या. अण्णांच्या माणसानं एकीला हात करून बोलावलं. ती आली. पण ताटाला हात न लावता आमच्या मागं मातीत मांडी घालून बसली. मग दुसरी. मग झोक्यावरच्या दोघी उतरून आल्या. आम्ही त्यांच्याशी आधी काहीही ठरवलेलं नव्हतं, देवीशपथ. बघता बघता अर्धा रस्ता बायांनी भरला. पुरुषांना काय करावं ते समजेना, कारण प्रत्येकाची कोणी ना कोणी त्यात बसलेली होती.

"बापाची अब्रू घालवून राह्यली तू," अण्णा मला म्हणाले.

"बाप गेल्यावर अब्रूचं लोणचं घालू का अण्णा?"

हे मी बोलून गेले. वडिलांच्या तोंडावर त्यांच्या मरणाचं बोलायला नको होतं. पण शब्द निघून गेला होता, आणि खोटा नव्हता.

आबा पाटावरून उतरले. भगतानं एकदा पाटावर पाय ठेवला की गाड्या ओढूनच दम घ्यायचा असतो. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ चिरलेले होते आणि हळदीखाली त्यांच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

"तू मले गावासमोर म्हातारं केलं," ते म्हणाले. आवाज एवढा हळू होता की फक्त मला आणि लीलाला ऐकू आलं.

"हाव, केलं," मी म्हणाले. माझा आवाज काही हळू नव्हता. "म्हातारे हाय तुम्ही आबा. मले जित्तं म्हातारं पाह्यजे."

त्यांनी मान वळवून गाड्यांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे न ओवाळताच जाणार, दोर बांधणार, आणि माझ्या हातात नुसतं ताट राहणार. निरांजन विझलं होतं, तेही मला उशिरा कळलं.

तेवढ्यात गर्दीतून माय आली. डोक्यावरून पदर, हातात तांब्या, तांब्यावर फुलपात्र. यात्रेच्या दिवशी माझी माय कधी वेशीत आलेली मी पाहिली नव्हती. भगताच्या बायकोनं त्या दिवशी घरातच बसायचं असतं.

"तू पण?" आबा म्हणाले.

"लगन झालं तवापासून," माय म्हणाली, "दरसाल ह्या दिवशी मी देवापुढं बसते. तुमी पाणी पीत नाही, तं मीही नाही पीत. तुमी परत आले, असा आवाज आला, का मंग पिते." तिनं फुलपात्र भरलं. "मले आता सोसवत नाही. यंदा दोघं संगंच पिऊ."

मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या पोटी जन्मून, त्या घरात वाढून माहीत नव्हतं. आबांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्या गावाला दिसलं.

ते मायच्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी तांब्याच उचलला आणि उभ्यानं, वरून धार धरून प्यायले. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं आणि हळदीत पट्टे उमटले. उरलेलं त्यांनी मायला दिलं. माय खाली बसून, पदराआड प्यायली.

आभाळ काही कोसळलं नाही.

"बरं, झालं पाणी," अण्णा म्हणाले. त्यांना कुठंतरी जिंकायचं होतं. "पण उट्या-बिट्या काही चालणार नाही. देवाचं काम हाय."

लीलानं ताट खाली ठेवलं आणि उट्या भरलेलं घमेलं पुढं ओढलं. "अण्णा, चहानं पाय गेला म्हणता ना तुम्ही? मंग उटीनं काय बिघडते? आम्ही काही गाड्याईले चहा नाही पाजून राह्यलो."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. मग सगळी वेस हसायला लागली. ज्या गावानं वर्षभर तो चहा चघळला होता तेच गाव हसत होतं, आणि लीला मात्र हसत नव्हती. अण्णांनी हात झटकला आणि ते बाजूला झाले. पोरींनी जाऊन शाळेकडची दुकानं मागं सारायला लावली. जिलेबीवाला कुरकुरला, पण त्याची कढई दोघींनी मिळून उचलल्यावर तोही उठला.

मी निरांजन पुन्हा लावलं आणि आबांना ओवाळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

गाड्या निघाल्या. "मरीमायच्या नावानं चांगभलं!" असा एकच गजर झाला. पहिला हिसका, चाकांची करकर, मग धूळ. पहिल्या गाडीच्या एका चाकाशी मी होते, दुसऱ्या चाकाशी लीला, बाकीच्या मागच्या गाड्यांशी. उटी हातात, दोरी मनगटाला, पदर खोचलेला. गाडीतली पोरं आम्हाला बघून टाळ्या पिटत होती. कोणी म्हणालं, "वरातीपुढं बाया नाचतात, ह्या मागून पळून राह्यल्या." म्हणू दे. मी फक्त आबांच्या पाठीकडं बघत होते.

निंबापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं उतार एकदम वाढतो. मला दिसलं की आबांचा डावा पाय मातीत ओढला गेला. एकदाच. कदाचित खडा लागला असेल. कदाचित काहीच नसेल. विचार करायला वेळ नव्हता.

"उटी!" मी ओरडले.

लीलानं टाकली, मी टाकली, मागून धडाधड आवाज आले. चाकं पाचरींवर चढली, कण्हली, आणि गाड्या एकमेकींवर रेलत थांबल्या. गाडीतली माणसं पुढं कोसळली, शिव्या आल्या. पहिल्या गाडीचं जू आबांच्या पाठीपासून हातभर अंतरावर होतं. आबा वळले नाहीत. डोळे मिटून, हात जोडून जागच्या जागी उभे राहिले.

"आली! मरीमाय आली अंगात!" कोणीतरी ओरडलं आणि गजराला पूर आला. बगल्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. लोक पाया पडायला लागले. कितीतरी वेळानं आबांनी हात वर केला. आम्ही उट्या काढल्या. पुढचा रस्ता ते चालतच गेले, आम्ही उट्यांनी गाड्या धरत, सोडत त्यांच्या मागं. देवळापाशी त्यांनी दोर सोडला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

झालं. त्यानंतरच्या दिवसांत माझ्या वाट्याला काय आलं ते विचारू नका. "पाह्यलं? काय झालं? काहीच तं नाही झालं," असं अण्णा पारावर सांगत होते. "उगंच बायाईनं गाड्या अडवल्या. तरी भगताची शक्ती मोठी, मधीच थांबून त्यानं देवीले हात जोडले." गाव मान डोलवत होतं. काहीच झालं नाही म्हणून आम्ही खोट्या ठरलो. कोणी मेलं असतं तर आम्ही खऱ्या ठरलो असतो. हा न्याय मला तेव्हाही कळला नाही आणि आजही मान्य नाही.

आबा माझ्याशी बोलत नव्हते. समोर जेवायला बसायचे आणि भाकरी मायकडं मागायचे. मला पाण्याचं काही वाटत नव्हतं, पण निंबापाशी ओरडल्याचं वाटत होतं. त्यांचा पाय खरंच अडखळला होता का? का मी माझ्याच भीतीपोटी गावासमोर माझ्या बापाच्या गाड्या अडवल्या? रात्री मी तो पाय पुन्हा पुन्हा आठवून बघायची आणि दर वेळी तो वेगळा दिसायचा.

मी सासरी निघाले त्या दिवशी आबा स्टँडवर आले. पिशवी माय देणार होती, ती ते घेऊन आले. एसटी लागलेली होती. ड्रायव्हर चहाला गेला होता. आम्ही शेडच्या सावलीत उभे राहिलो.

"निंबापाशी तू उटी टाकली," ते म्हणाले.

"हाव, टाकली. बोलायचं असंल तं बोला आबा. पण मी माफी नाही मांगणार."

"माफी कोण मांगून राह्यलं." ते रस्त्याकडं बघत होते. "डोयापुढं अंधार आला होता. रस्ता दिसत नव्हता, पाय हायेत का गेले तेही समजत नव्हतं. मले मागून चाकं ऐकू येत होती. मी म्हटलं, आता जू पाठीत बसते." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी उभा राह्यलो आन वाट पाह्यली. ते बसलंच नाही."

मला रडू फुटलं. भर स्टँडवर, लोकांसमोर, तोंडावर पदरही न घेता मी रडले. इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन वावरत होते, तो असा एकदम उतरला.

"अंगात नव्हती आली?" मी विचारलं.

"कोण?"

"मरीमाय."

ते विचारात पडले. माझे वडील देवीच्या बाबतीत खोटं बोलणारे नव्हते. "ते मले सांगता नाही येत," ते म्हणाले. "मी तं फक्त तुझा आवाज ऐकला."

ड्रायव्हर आला. मी खिडकीत बसले. आबा खाली उभे होते.

"कोणाले सांगू नको," ते म्हणाले.

"सांगीन," मी म्हणाले. डोळे पुसलेलेही नव्हते. "पुढच्या आखाजीले वेशीत उभी राहून सांगीन. तुमाले नको असंल तं पाटावर चढायच्या आधी तुम्हीच पाणी मांगा."

"बापाले धमकी देते?"

"हाव."

गाडी सुरू झाली. आबा खिडकीला हात लावून दोन पावलं चालले. "लवकर ये," ते म्हणाले. "दोन दिवस आधी ये. उट्या पाह्याव्या लागतीन."

पुढच्या आखाजीला सगळ्या गावासमोर आबांनी स्वतः पाणी मागितलं. कारण विचारायची कोणाची छाती झाली नाही. नंतरही काही वर्षं त्यांनी गाड्या ओढल्या, मग चुलतभावाच्या मुलाला मान दिला, आणि खूप वर्षांनी, पोटभर आमरस खाऊन, घरातल्या बाजेवर झोपेत गेले. भगताला असं मरण येत नाही, असं लोक म्हणाले. आमच्या भगताला आलं.

आता माझेही केस पिकले. गेल्या आखाजीला मी धामणवेलात होते. आता मांडव घालतात, माइक असतो, शाळेपाशी अँब्युलन्स उभी असते. उट्या देवळात ठेवतात. त्यांना शेंदूर लावलेला होता, हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि झेंडूची माळ घातलेली होती. तोताराम अण्णांचा नातू माइकवरून सांगत होता की भगतानं जलपान करण्याची आणि गाड्यांना पवित्र उटी लावण्याची ही परंपरा आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे.

मी आणि लीला एकमेकींकडं बघून पोट दुखेपर्यंत हसलो. गोविंदाही हसला, कुबडी बाजूला ठेवून.

हसून झाल्यावर मी उठले आणि पहिल्या गाडीची उटी घ्यायला गेले. अण्णांचा नातू धावत आला. भला पोरगा आहे, नमस्कार करूनच बोलला. "मावशी, हात नका लावू. ही देवाची उटी आहे. बायकांनी शिवायची नाही, अशी पूर्वापार रीत आहे."

मी उटीवरची माळ काढून त्याच्या गळ्यात घातली. शेंदूर पदराला पुसला, दोरी मनगटाला गुंडाळली आणि जाऊन चाकाशी उभी राहिले. पलीकडच्या चाकाशी लीला आधीच येऊन उभी होती. तो माइकमधून आम्हाला काहीतरी म्हणत होता, फार आदरानं म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. तिकडं भगत पाणी पीत होता, आणि मला चाकाकडं बघायचं होतं.